‘आश्रय मागा, वर्क परमिट घ्या’: खरं काय?

“अमेरिकेत उतरा, आश्रयाचा अर्ज भरा, लगेच वर्क परमिट मिळतं. अर्ज नाकारला तरी काही बिघडत नाही.” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. परदेशात अडकलेल्या माणसाला तो खरा वाटणं स्वाभाविक आहे, म्हणून नीट पाहू.

आश्रय मिळतो तो छळाच्या भीतीवर, आणि त्या छळामागे पाचपैकी एक कारण लागतं: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट. कर्ज, बेरोजगारी ही दुःखं खरी असली तरी एवढ्यावर आश्रय मिळत नाही. वर्क परमिटही अर्ज दाखल झाल्यापासून १८० दिवसांच्या आत मिळू शकत नाही. शिवाय अर्ज अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात करावा लागतो. अपवाद आहेत, पण ते पुराव्यानिशी पटवावे लागतात. खरोखर जीव धोक्यात असलेली माणसंसुद्धा या मुदतीवर अडकतात, याचं फार वाईट वाटतं.

“काही बिघडत नाही” हे तर सर्वात घातक. जाणूनबुजून खोटी हकीकत रचल्याचं ठरलं, तर तिथल्या इमिग्रेशनचे जवळपास सगळे लाभ कायमचे बंद होतात.

हे स्वतः तपासता येतं. आय-५८९ हा आश्रयाच्या अर्जाचा फॉर्म सरकारी वेबसाइटवरून फुकट डाउनलोड होतो. सहीच्या भागातच खोट्या अर्जाबद्दलची ही ताकीद छापलेली आहे. त्यापुढचा भाग अर्ज भरून देणाऱ्याच्या नाव-सहीसाठी असतो. पैसे घेणारा एजंट तो कोरा सोडत असेल, तर सही करू नका; परवानाधारक वकील गाठा.