तीव्र धावण्यातील ऑक्सिजनग्रहण

धाव सुरू होताच स्नायूंची ऑक्सिजनची गरज एकदम वाढते. शरीर घेत असलेला ऑक्सिजन मात्र सावकाश वर चढतो. हा चढ किती झपाट्याने होतो आणि कुठवर पोचतो, हे धावपटूच्या प्रकारावर अवलंबून असते. खानदेशात हा विषय प्रयोगशाळेपेक्षा पोलीस भरतीच्या तयारीत जास्त भेटतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पहाटे धावणाऱ्या पोरांच्या तोंडी त्याचे नाव ‘दम’. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावे लागते. म्हणजे एकाच उमेदवाराने दोन निराळ्या धावपटूंचे काम करायचे!

स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन घेतो. ६० किलोच्या तरुणाला तो २१० मिलिलिटर पडतो. याच मापात सराव नसलेल्या तरुण पुरुषाचे कमाल ग्रहण, म्हणजे शरीर जास्तीत जास्त घेऊ शकते तो ऑक्सिजन, साधारण ४० ते ४५ असते, अव्वल लांब पल्ल्याच्या धावपटूचे ७० च्या वर जाते. ही कमाल मर्यादा धावत्या माणसावर मोजून दाखवणाऱ्यांत ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक ए. व्ही. हिल अग्रणी होते. वैद्यकाचे १९२२ चे नोबेल मिळालेले हिल पाठीवर उच्छ्वास साठवण्याची पिशवी बांधून स्वतःच धावले. त्यांचे हे काम १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्रहणाचा चढ टप्प्याटप्प्याने होतो. पहिली १५–२० सेकंदे मुख्यतः हृदयातून जादा रक्त ढकलले गेल्याचा परिणाम असतो. खरी वाढ त्यानंतरची. तिचा ६३ टक्के भाग पुरा व्हायला लागणारा वेळ हा तिचा कालांक. सराव नसलेल्या तरुणात तो ३०–४० सेकंदांच्या आसपास, तर मुरलेल्या लांब पल्ल्याच्या धावपटूत २० किंवा त्याहूनही कमी असतो. ढोबळ हिशेब असा : ग्रहण मिनिटाला २.८ लिटरने वाढायचे असेल, तर ३० सेकंदांच्या कालांकाला तूट, म्हणजे हवा असलेला आणि प्रत्यक्ष घेतलेला ऑक्सिजन यांतला फरक, १.४ लिटरची पडते, २० सेकंदांना ०.९ लिटरची. ही तूट स्नायूंत साठवलेले तातडीचे इंधन, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट, आणि ऑक्सिजनशिवाय होणारे, लॅक्टेट तयार करणारे ग्लुकोजचे विघटन भरून काढतात. पहिल्याच फेरीत पाय जड होतात ते बहुधा यामुळे. छातीला उगाच दोष दिला जातो.

१०० मीटरवाल्याच्या स्नायूंत झटपट आकुंचन पावणारे पण लवकर थकणारे जलद तंतू अधिक असतात, तर लांब पल्ल्याच्या धावपटूत उशिरा थकणारे मंद तंतू, केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे घटक) अधिक. त्यामुळे दोन-तीन मिनिटांत दमवून टाकणाऱ्या वेगाला दुसऱ्याचे ग्रहण लवकर उचलते. सराव असलेल्या धावपटूंत एकूण ऊर्जेतील ऑक्सिजनचा वाटा २०० मीटरला सुमारे २९ टक्के, ४०० ला ४३, ८०० ला ६६ आणि १५०० मीटरला ८४ टक्के मोजला गेला आहे. भरतीची १६०० मीटर धाव या शेवटच्या आकड्याच्या शेजारची. नुसते वेगाचे तुकडे मारून ती निघत नाही.

‘पहिल्या फेरीत जोर नको’ हा मैदानावरचा सल्ला अर्धाच खरा आहे. सुरुवात थोडी जलद केली तर ग्रहणही लवकर चढते. अति केली तर तूट इतकी वाढते की शेवटची फेरी फरफटत जाते.

सातपुड्याच्या पाड्यांवरील पोरांचा दम उंचीमुळे मोठा, असेही सर्रास म्हणतात. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे खरे, पण उंचीवरच्या सरावासाठी साधारण दोन हजार मीटर किंवा अधिक उंची लागते. श्रेय द्यायचेच तर लहानपणापासूनच्या चढ-उताराला द्यावे. तापीकाठी प्रश्न उलटा आहे. जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा रक्ताचा एक हिस्सा कातडी थंड ठेवण्यात गुंततो, स्नायूंच्या वाट्याला कमी येते आणि कमाल ग्रहण खाली उतरते. म्हणून दुपारी नोंदवलेली वेळ पहाटेच्या वेळेशी ताडून पाहू नये.

धावेआधी काही मिनिटे जोरकस धावून मग दहा-एक मिनिटे विसावा घेतल्यास पुढच्या धावेत ऑक्सिजनचा वाटा सुरुवातीपासून वाढतो. आपला नंबर येईपर्यंत रांगेत बसून राहिलेला उमेदवार नेमका हाच फायदा गमावतो.