रांजणातली मोजणी

डासांमुळे पसरणाऱ्या झिका या विषाणूचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. गावात तापाचे रुग्ण वाढले होते, म्हणून रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले. पन्नाशीच्या एका बाईंच्या नमुन्यात चिकुनगुनिया निघाला आणि सोबत झिकाही. बातमी आली तोवर त्या बऱ्या झाल्या होत्या.

झिकाची खरी अडचण हीच आहे. लागण झालेल्या पाचांपैकी साधारण चौघांना काहीच होत नाही. पाचव्याला बारीक ताप येतो, अंगावर पुरळ उठतं. तेवढ्यासाठी झिकाची तपासणी कोण करून घेणार? पण गरोदर बाईला लागण झाली तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, हे ब्राझीलमध्ये २०१५ नंतर जगाने पाहिलं. पुण्यात २०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यापासून झिकाचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा यंत्रणेची सगळी धावपळ गरोदर महिलांच्या तपासणीसाठी होती ती यामुळेच. रुग्ण सापडेपर्यंत थांबायचं म्हणजे उशीर ठरलेलाच. त्याआधी डास शोधायला हवा.

हा डास म्हणजे एडीस इजिप्ती. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका, तिन्ही पसरवणारा. गटारापेक्षा त्याला घरातलं स्वच्छ साठवलेलं पाणी आवडतं, आणि चावतो तो दिवसा. जन्मल्या जागेपासून तो फार लांब जात नाही, बहुतेकदा शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य संपतं. म्हणजे तुम्हाला चावलेली मादी बहुधा तुमच्याच घरातली, नाहीतर शेजाऱ्यांकडची.

गावोगाव चालणारं कंटेनर सर्वेक्षण याच हिशेबावर उभं आहे. आरोग्य सेवक किंवा आशाताई बॅटरी घेऊन येतात आणि रांजण, पिंप, हौद, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे बघतात. रांजणावर सावली पडली की अळ्या क्षणात तळाशी जातात, त्यामुळे झाकण काढून नुसतं डोकावणाऱ्याला पाणी स्वच्छच दिसतं. जरा थांबावं लागतं. श्वासाची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवायला त्या वर येतात आणि डोकं खाली करून लटकतात, तेव्हा सापडतात. शंभर घरांमागे अळ्या असलेली किती भांडी मिळाली, हा ब्रेटो इंडेक्स. शंभरातली किती घरं दूषित, हा हाउस इंडेक्स.

पण या आकड्यांत एक गोम आहे. अंगणातल्या नारळाच्या करवंटीतल्या दोन अळ्या आणि दोनशे लिटरच्या पिंपातल्या शेकडो अळ्या, दोन्हींची नोंद ‘एक दूषित भांडं’ अशीच होते. शिवाय बऱ्याच अळ्या मोठ्या होण्याआधीच मरतात. म्हणून कीटकतज्ज्ञ कोष, म्हणजे अळी आणि डास यांच्या मधली अवस्था, मोजायला सांगतात. स्वल्पविरामासारखा वाकडा दिसणारा हा कोष काही खात नाही, दोनेक दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो आणि मधल्या काळात मरतातही थोडेच. कोषांचा आकडा म्हणजे जवळजवळ उद्याच्या डासांचा आकडा. असं मोजलं की अनेक ठिकाणी दिसतं, की गावातले बहुतेक डास मोजक्याच मोठ्या भांड्यांतून येतात. जिथे नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येतं तिथे ती भांडी कोणती, हे सांगायला नकोच. त्या घराला ‘पाणी साठवू नका’ म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं. घट्ट झाकण द्या, गप्पी मासे सोडा, हे म्हणता येतं.

कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून वाळवणं, पाळतानाही एक गोष्ट निसटते. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या भिंतीवर. काळी, मिलिमीटरपेक्षाही लहान. रांजण उपडा केला, उन्हात वाळवला तरी ती चिकटून राहतात, महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून आतली भिंत काथ्याने घासायची. ओतून देणं अर्धंच काम.

साथ आली की लोकांना हवी असते ती धूरफवारणी, कारण ती दिसते. गाडी गल्लीत आली की आपण खिडक्या लावून घेतो. एडीस तेव्हा आत, कपाटामागे नाहीतर टांगलेल्या कपड्यांच्या घडीत बसलेला असतो. धूर त्याच्यापर्यंत पोचला तरी उडते डास मरतात, रांजणातले कोष तसेच राहतात.

आणखी एक हिशेब आहे. मादीने रुग्णाचं रक्त प्यायलं म्हणजे ती लगेच रोग देऊ लागत नाही. विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. ती जगते दोन-चार आठवडे. म्हणजे धोका आहे तो म्हाताऱ्या माद्यांकडून. डास मारण्याऐवजी विषाणूची ही वाटच अडवली तर? वोल्बाकिया नावाचा जिवाणू एडीसच्या पेशींत बसवला, की विषाणूला डासात नीट वाढता येत नाही, आणि हा जिवाणू अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात असे डास काही भागांत सोडले, काही भागांत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पुदुच्चेरीतल्या संस्थेने इथल्या एडीसमध्ये वोल्बाकिया बसवून दाखवला आहे. असे डास वस्तीत सोडायची वेळ आली तर मात्र लोकांना समजावणं सोपं जाणार नाही. वर्षानुवर्षं डास मारायला सांगणारी माणसंच दारात डास सोडायला येणार, आणि हे डास चावायचे थांबणारही नाहीत.