बेसबॉलमधला वर्णभेद आणि कटऑफचं गणित

१९४९ ते १९५९ ही ११ वर्षं घ्या. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी नॅशनल लीगमध्ये सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूला एमव्हीपीचा मान मिळतो, तो या ११ वर्षांत ९ वेळा ब्लॅक खेळाडूकडे गेला. जॅकी रॉबिन्सन, रॉय कॅम्पानेला तीनदा, विली मेज, डॉन न्यूकम्ब, हँक आरन एकेकदा आणि अर्नी बँक्स दोनदा. आणि लीगमध्ये ब्लॅक खेळाडू किती होते? सुरुवातीला मूठभर, दशक संपताना सुद्धा अल्पसंख्यच.

हा आकडा बघून बरेच लोक पटकन म्हणतात की त्यांचं शरीरच तसं असतं, रक्तातच असतं वगैरे. मला हे ऐकलं की खरंच राग येतो, कारण आकडा तसं काही सांगतच नाही. समजा एका परीक्षेत एका गटाला ४० मार्कांना पास करताय आणि दुसऱ्याला ९० लागतात, मग पास झालेल्यांची सरासरी काढली तर दुसरा गट हुशार दिसणारच ना, पण त्यातून गटाची हुशारी नाही कळत, कटऑफ कुठे लावला होता ते कळतं. स्टॅटिस्टिक्समध्ये याला निवडीचा परिणाम म्हणतात. बेसबॉलमध्ये अगदी हेच झालं होतं. मधल्या दर्जाच्या गोऱ्या खेळाडूला टीममध्ये जागा होती, बेंचवर बसून का होईना पगार मिळायचा, पण ब्लॅक खेळाडू घ्यायचा तर तो स्टारच पाहिजे.

थोडा इतिहास सांगते. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा ब्लॅक कॅचर टोलेडोकडून वरच्या लीगमध्ये खेळला होता, पण त्यानंतर काही वर्षांतच दार बंद झालं, कुठलाही लेखी नियम नाही, फक्त मालकामालकांमधली समजूत, आणि ती साठेक वर्षं टिकली. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सने जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवलं तेव्हा ती तुटली. टीमचा प्रमुख ब्रँच रिकीने त्याला आधी एक वर्ष माँट्रियलच्या ज्युनियर टीममध्ये ठेवलं होतं, तिथे तो लीगचा टॉप बॅटर ठरला. ब्रुकलिनला आल्यावर शिव्या, धमक्या, अंगावर फेकलेले बॉल असं सगळं सोसून पहिल्याच वर्षी २९ बेस चोरले (म्हणजे बॉल मारला जायच्या आधीच धावून पुढचा बेस गाठला) आणि रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला, तो मान त्या वर्षी पहिल्यांदाच दिला गेला होता.

आता अर्थशास्त्राकडे येऊ. गॅरी बेकर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलं की भेदभाव करणाऱ्या मालकाला त्याची किंमत मोजावी लागते, कारण चांगली माणसं तो हातची घालवतो, त्यामुळे जोरदार स्पर्धा असेल तर असा मालक मागे पडत जातो. बेसबॉलमध्ये याचा पहिला भाग स्वच्छ दिसतो. डॉजर्सने १९४७ ते १९५६ या १० वर्षांत ६ वेळा नॅशनल लीग जिंकली. क्लीव्हलँडने १९४७ मध्येच लॅरी डोबीला घेतलं, पुढच्या वर्षी सॅचेल पेजला, आणि १९४८ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली फायनल, त्यांचीच. उलट बॉस्टन रेड सॉक्सने एप्रिल १९४५ मध्ये रॉबिन्सन आणि सॅम जेथ्रो यांची ट्रायल घेतली, पुन्हा फोनच केला नाही, आणि तोच जेथ्रो १९५० मध्ये त्याच शहरातल्या दुसऱ्या टीमकडून, बॉस्टन ब्रेव्हजकडून, रूकी ऑफ द इयर झाला! रेड सॉक्सने पहिला ब्लॅक खेळाडू पम्प्सी ग्रीन उतरवला तो थेट जुलै १९५९ मध्ये, सगळ्या १६ टीम्समध्ये शेवटी.

म्हणजे रॉबिन्सन उतरल्यापासून १२ वर्षं गेली. मार्केटने हे आपोआप का नाही सुधारलं? माझ्या मते कारण असं की ही स्पर्धा मैदानावर होती, धंद्यात नव्हती. १६ टीम्सचं बंद दुकान, नवीन कोणी आत येऊ शकत नाही, रेड सॉक्सचा मालक टॉम यॉकी आधीच गडगंज श्रीमंत, त्यामुळे रेड सॉक्स १९४६ नंतर १९६७ पर्यंत लीग एकदाही जिंकले नाहीत तरी त्यांचं दुकान बंद पडलं नाही. हरण्याची किंमत ते वर्षानुवर्षं मोजत राहिले.

आणि खरी मोठी किंमत मोजली ती दुसऱ्याच लोकांनी. ब्लॅक खेळाडूंच्या स्वतःच्या निग्रो लीग्ज होत्या, मालक बरेचसे ब्लॅक. कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून रॉबिन्सनला उचलताना रिकीने त्यांना एक डॉलर सुद्धा दिला नाही. नुअर्कच्या टीमची मालकीण एफा मॅन्ली भांडली म्हणून डोबीसाठी तिला १५,००० डॉलर मिळाले. स्टार गेले, प्रेक्षक त्यांच्या मागे गेले, आणि निग्रो नॅशनल लीग १९४८ नंतर बंद पडली. याबद्दल खूप कमी बोललं जातं.

त्या लीग्जचे आकडे २०२४ मध्ये अधिकृत रेकॉर्डमध्ये घेतले गेले आणि निग्रो लीग्जमधला स्टार जॉश गिब्सनची .३७२ ही बॅटिंग सरासरी तोवर पहिल्या नंबरवर असलेल्या टाय कॉबच्या .३६७ च्या वर गेली. म्हणजे १००० वेळा बॅटिंगला आला तर ३७२ हिट. यावर आक्षेप येतो की गिब्सनचे मोजलेले चान्स कॉबच्या साधारण पाचव्या भागाएवढेच आहेत. गणित म्हणून आक्षेप बरोबर आहे, एवढ्या नमुन्यात निव्वळ योगायोगाने १० पॉइंट (एक पॉइंट म्हणजे .००१) इकडेतिकडे होऊ शकतात, त्यामुळे ५ पॉइंटच्या फरकावरून कोण श्रेष्ठ ते ठरत नाही. पण नमुना लहान का आहे? कारण या टीम्सना पोटासाठी गावोगाव फिरून प्रदर्शनी मॅचेस खेळाव्या लागायच्या आणि त्या मोजल्या जात नाहीत. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी गेला, रॉबिन्सनच्या पहिल्या मॅचच्या तीन महिने आधी.

बरं, पूर्वग्रह आता संपला का? २०११ मध्ये अर्थशास्त्रज्ञ हॅमरमेश आणि सहकाऱ्यांनी लाखो पिचेसचा, म्हणजे बॅटरकडे टाकलेल्या बॉल्सचा, डेटा तपासला. पिचर (बॉल टाकणारा) आपल्याच वंशाचा असेल तर अंपायर किंचित जास्त वेळा स्ट्राइक, म्हणजे पिचरच्या बाजूचा निर्णय, देतात असं त्यांना दिसलं, फरक छोटा, पण ज्या स्टेडियममध्ये अंपायरवर कॅमेऱ्यांची नजर होती तिथे तो दिसेना. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण अंपायर तेच होते, फक्त त्यांचे निर्णय कोणीतरी तपासत होतं.

आणि ब्लॅक अमेरिकन खेळाडू १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १८ टक्क्यांच्या आसपास होते, ते आता ६ टक्क्यांच्या आसपास आलेत. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये अमेरिकेत जन्मलेला एकही ब्लॅक खेळाडू नव्हता, असं १९५० नंतर पहिल्यांदा झालं. यामागे बरीच कारणं आहेत, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलचं आकर्षण आहे, टीम्सनी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अकॅडमी काढून तिथून खेळाडू आणायला सुरुवात केली तेही आहे, पण सगळ्यात जास्त खुपतो तो पैसा. मुलाला स्काउटच्या (टीमसाठी नवे खेळाडू शोधणाऱ्याच्या) नजरेत आणायचं तर प्रायव्हेट क्लबची फी, कोचिंग आणि दर वीकेंडला दूरदूरच्या टूर्नामेंट, याचा खर्च वर्षाला हजारो डॉलरवर जातो.