एकल वादक ऑर्केस्ट्राचा संचालक (कंडक्टर) होतो, तेव्हा त्याचे वादन संपलेले असते का?

‘बोटे थकली की एकल वादक हाती काठी घेतो, ऑर्केस्ट्राचे संचालन ही उतारवयातली सोय आहे,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आला आहे. तो पटण्याजोगा वाटतो, कारण हाताच्या दुखण्यामुळे संचालनाकडे वळलेले काही कलावंत खरोखरच होऊन गेले. मात्र त्यावरून सरसकट नियम निघत नाही.

युरोपात 18व्या शतकात पहिला व्हायोलिनवादक किंवा हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावर बसलेला वादकच वृंद चालवीत असे; केवळ संचालन करणारा वेगळा माणूस 19व्या शतकात रुळला. आजही अनेक पियानोवादक 18व्या शतकातील कॉन्चेर्टो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) वाजवता वाजवताच संचालन करतात. एक हात मोकळा होताच तो वृंदाकडे वळतो, आणि दोन्ही गुंतलेले असतील तेव्हा मानेच्या हालचालीने इशारा जातो.

शिवाय हे काम मुळीच हलके नाही. व्हायोलिनवादकासमोर स्वरलिपीची एकच ओळ असते, तर मोठ्या रचनेत संचालकासमोर एकाखाली एक वीसहून अधिक ओळी असतात. पडताळणीसाठी एखाद्या कार्यक्रमाचे चित्रीकरण पाहावे आणि पहिला सूर उमटण्यापूर्वी वर जाणाऱ्या काठीकडे लक्ष द्यावे. लय त्या क्षणीच ठरलेली दिसते.