आवडीनुसार शिक्षण

मुलाला ज्या गोष्टीचे कुतूहल आहे तिच्यापासून सुरुवात करून भाषा, गणित, विज्ञान हे विषय तिच्याशी जोडत नेणारी शिक्षणपद्धती. मुलांना मोकळे सोडले की काम झाले, हा तिच्याविषयीचा रूढ गैरसमज. उलट, प्रश्न कुठून येईल याचा नेम नसल्याने शिक्षकाला फळा-खडूच्या तासापेक्षा जास्तच तयारी करावी लागते.

वरळी किंवा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले उदाहरण घेऊ. भरती आज किती वाजता, हे तिथल्या पोराला घरीच कळते. जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. एरवी रुक्ष वाटणारा अपूर्णांक इथे बापाच्या होडीशी जोडला जातो. पुढे भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा का येते, पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीला भांग (लहान भरती) का, हे प्रश्न मुले आपणच काढतात आणि वर्ग चंद्रापर्यंत पोहोचतो. जून-जुलैत मासेमारी बंद का, यावरून माशांच्या प्रजननाचा पाठही होतो. मात्र पाऊणकीवरून चंद्राकडे केव्हा वळायचे, हे शिक्षकालाच ओळखावे लागते.

पश्चिम भारतात या विचाराला आकार दिला तो गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिराने (१९२०). तिथे काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) जन्माने मुंबईच्या. नूतन बालशिक्षण संघाच्या (१९२६) कामातून त्यांनी दादरला शिशुविहार उभारले. मारिया माँटेसरी या इटालियन शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या पद्धतीची महागडी साधने गरिबाला परवडत नाहीत, म्हणून १९४५ पासून डहाणूकडच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी बिया, पाने, शिंपले वापरले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २९ मध्ये कृती, शोध आणि बालकेंद्री पद्धतीने शिकवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईत अडते ते जागेवर आणि वेळेवर. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत सकाळच्या मुलांनी अर्धवट केलेली मातीची प्रतिकृती बाकावर ठेवता येत नाही. दुपारची मुले दारात उभी असतात. बालवाडीत जमणारे हे सारे आठवी-नववीत दहावीच्या धास्तीने आणि क्लासच्या वेळापत्रकाने आटोपते.

या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. आवडही घरातून येते. ज्याने दुर्बीण कधी पाहिलीच नाही, तो ताऱ्यांबद्दल विचारणार कसा? म्हणून आवड ओळखण्याइतकेच ती लावणे हेही शाळेचे काम ठरते. राणीची बाग, कान्हेरी आणि वरळीचे नेहरू तारांगण या सहली त्यासाठी असतात. त्या एरवी वर्षातून एकदा, रांगेत आणि घाईत उरकल्या जातात.