पॅकेट रीऑर्डरिंग

नेटवर डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो. पाठवणाऱ्याने १, २, ३, ४, ५ अशी सोडलेली पॅकेटं समोर १, ३, ४, ५, २ अशी पोचली की त्याला पॅकेट रीऑर्डरिंग म्हणतात. ह्यात हरवलेलं काहीच नसतं, सगळी पॅकेटं येतात, फक्त मागेपुढे होऊन येतात, आणि तरीही डाउनलोडचा स्पीड धाडकन पडू शकतो. पॅकेटं पत्त्यावर पोचवणाऱ्या आयपी प्रोटोकॉलने क्रमाची हमी कधी दिलेलीच नाही, क्रम लावायचं काम त्याच्यावर चालणाऱ्या टीसीपी प्रोटोकॉलचं.

आणि खरी गडबड टीसीपीतच होते. रिसीव्हर नेहमी "मला पुढचं अमुक पॅकेट हवंय" एवढंच सांगतो, म्हणजे २ नंबर आला नसताना ३, ४, ५ आले तर तो तीनदा तेच सांगणार की २ पाठव, आणि असे तीन डुप्लिकेट अ‍ॅक (तीच पोचपावती पुन्हा) मिळाले की सेंडर धरून चालतो की २ नंबर हरवला. तो टायमरची वाट न बघता पॅकेट परत पाठवतो (फास्ट रिट्रान्समिट) आणि वर नेटवर्कवर गर्दी झालीय असं समजून कंजेशन विंडोही (पोचपावती येण्याआधी एका वेळी किती पॅकेटं सोडायची ती मर्यादा) कापतो. पॅकेट दोन जागा मागे पडलं तर निभावतं, तीन जागा पडलं की फटका. रेनो आणि क्युबिक ह्या विंडो ठरवायच्या टीसीपीतल्या दोन पद्धती, रेनोमध्ये विंडो अर्धी होते, क्युबिकमध्ये ७० टक्क्यांवर येते. समजा विंडो १००० पॅकेटांची आणि आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंद, तर रेनो ५०० वरून दर आरटीटीला एकेक पॅकेट वाढवत परत वर यायला जवळपास ५० सेकंद घेणार, तेही काही हरवलेलं नसताना! म्हणून लांबच्या आणि फास्ट लिंकवर हा त्रास सगळ्यात जास्त जाणवतो.

रिसीव्हरकडेही मधलं पॅकेट येईपर्यंत त्याच्या पुढच्या नंबरांचा डेटा बफरमध्ये अडकून राहतो, अ‍ॅपला मिळत नाही. शिवाय पॅकेटं एकत्र करून वर द्यायची कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) युक्ती (जीआरओ) क्रम बिघडला की नीट चालत नाही, मग सीपीयूवर लोड येतो.

हे होतं कशामुळे, तर मुख्यतः एकाच कनेक्शनची पॅकेटं आळीपाळीने वेगवेगळ्या लिंकवर टाकल्यामुळे. म्हणून राउटर सहसा अ‍ॅड्रेस, पोर्ट, प्रोटोकॉल यांचा हॅश (त्यांच्यावरून काढलेला एक ठरावीक आकडा) काढून एक फ्लो, म्हणजे एका कनेक्शनची सगळी पॅकेटं, एकाच वाटेने नेतात, पण मग एकटा मोठा फ्लो बाकीच्या लिंक रिकाम्या असूनही एकाच लिंकवर अडकतो. ही तडजोड करावीच लागते. वाटेत रूट बदलला तरी क्रम बिघडतो.

व्हॉइस कॉलमध्ये उशिराच्या पॅकेटांसाठी थोडा वेळ थांबणारा जिटर बफर असतो, त्याच्या वेळेनंतर आलेलं पॅकेट गेल्यातच जमा. आयपीसेक व्हीपीएनमध्ये (एन्क्रिप्ट केलेल्या खाजगी कनेक्शनमध्ये) जुनी पॅकेटं कुणी परत पाठवू नयेत म्हणून ठेवलेली अँटी-रिप्ले विंडो बऱ्याचदा ६४ पॅकेटांची असते, त्याच्याही मागे पडलेलं पॅकेट सरळ टाकून देतात, म्हणजे इथे रीऑर्डरिंगचं खरंच लॉस होतं.

उपाय हळूहळू आले. १९९६ चं सॅक, ज्यात मधलं पॅकेट नसलं तरी पुढची कुठली आलीत ते रिसीव्हर सांगतो, मग २००० चं डी-सॅक, ज्यामुळे आपण पॅकेट उगाच परत पाठवलं हे सेंडरला कळतं आणि लिनक्स तीन डुप्लिकेट अ‍ॅकची मर्यादा स्वतःच वाढवू शकतो. माझ्या मते सगळ्यात शहाणा उपाय रॅक, पॅकेट हरवलंय का ते ओळखायची टीसीपीची पद्धत, २०२१ मध्ये आरएफसी ८९८५ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) म्हणून आलेला, कारण तो पॅकेटं मोजत बसण्यापेक्षा वेळ बघतो आणि सुरुवातीला आतापर्यंतच्या सगळ्यात कमी आरटीटीच्या पाव भागाइतकी जास्तीची सवलत देतो. टीसीपीऐवजी वापरल्या जाणाऱ्या क्विक प्रोटोकॉलमध्ये एका कनेक्शनवर अनेक स्ट्रीम (डेटाचे स्वतंत्र प्रवाह) असतात आणि एका स्ट्रीममधल्या खड्ड्यासाठी दुसरा स्ट्रीम थांबत नाही.

शंका असेल तर रिसीव्हरकडचं कॅप्चर (आलेल्या-गेलेल्या पॅकेटांची नोंद) वायरशार्क ह्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा, डुप्लिकेट अ‍ॅकनंतर लगेच मूळ पॅकेट आलंय आणि पाठोपाठ त्याचीच दुसरी कॉपी पण आलीय असं दिसलं तर तो लॉस नाही, रीऑर्डरिंगच आहे.