मासा दिसायला काच नुसती काळी असून भागत नाही

मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या धक्क्यावर गरवायला बसणाऱ्यांत चष्मेवाले पुष्कळ. चाळिशी उलटलेल्यांची तर दुहेरी पंचाईत: पाण्याकडे बघायला लांबचा नंबर, गरीला आमिष लावायला जवळचा, आणि वरून ऊन. मग चष्म्याच्या दुकानात जाऊन सांगितलं जातं, 'नंबरातच काळी काच करून द्या.' काच मिळते, डोळ्यांना गारही वाटतं, पण पाण्याखालचा बोय मासा काही दिसत नाही. काळी काच सगळाच उजेड सारखा कमी करते, पाण्यावरून चकाकणारा आणि पाण्याखालच्या माशावरून येणाराही. चकाकीने मासा झाकायचा तो झाकतोच, फक्त अंधारात.

त्यासाठी हवी ती पोलराइज्ड काच. ती उजेड निवडून अडवते. प्रकाशाची लहर पुढे जाताना उभी, आडवी, तिरपी अशी सगळ्या दिशांनी कंप पावत असते. सपाट पाण्यावरून ती परत फिरते तेव्हा मात्र आडव्या कंपनांचा वाटा वाढतो. परावर्तनाचा हा गुण फ्रान्सच्या एतियेन-लुई मालूसच्या ध्यानात आला तो १८०८ मध्ये, पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चकाकणारं ऊन एका स्फटिकातून बघताना. पुढे १८१५ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने त्याचा नियम बांधला. एका ठरावीक कोनातून परतलेल्या प्रकाशात फक्त आडवी कंपनं उरतात. पाण्यासाठी हा कोन लंबापासून सुमारे ५३ अंश, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून ३७ अंश.

पोलराइज्ड काचेत उजेड निवडणारा पडदा म्हणजे आयोडीन मुरवून ताणलेलं प्लास्टिक. अशी पोलराइज्ड फिल्म अमेरिकेच्या एडविन लँडने १९३० च्या दशकात बाजारात आणली. ताणल्यामुळे त्यातले लांबट रेणू एका दिशेने ओळीत बसतात आणि त्याच दिशेची कंपनं शोषून घेतात. चष्म्यात या ओळी आडव्या ठेवतात, म्हणजे पाण्यावरची आडवी चकाकी अडते. (गजांतून दोरी हलवून दाखवायचं शाळेतलं उदाहरण लक्षात राहतं खरं, पण दिशा नेमकी उलटी शिकवतं: तिथे गजांच्या दिशेची लहर आरपार जाते, इथे ओळींच्या दिशेचीच अडते.)

३७ अंश हा आकडा गरवणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या पागीचे (जाळं फेकणाऱ्याचे) डोळे पाण्यापासून साधारण १.२ मीटर वर असतात. त्याच्यासाठी चकाकी पुरती कापली जाण्याची जागा जेमतेम दीड मीटरवर येते. उंच धक्क्यावर डोळे पाण्यापासून साडेचार मीटर वर असतील, तर तीच जागा सहा मीटरवर जाते. तिच्या अलीकडे-पलीकडेही बराच फायदा होतो, पण पायाखाली सरळ बघितलं किंवा नजर दूर क्षितिजाकडे टाकली की तो घटत जातो. म्हणून आपल्या पश्चिमेकडे तोंड केलेल्या किनाऱ्यावर सूर्य टेकताना महागडा पोलराइज्ड चष्मा लावूनही डोळे दिपतात. मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा पायाशी चमकणाऱ्या उन्हात आडवं-उभं असं काही वेगळं उरत नाही. मार्चच्या दिवसांत सकाळी नऊच्या पुढेमागे आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्याकडे तोंड करून बसलात, तर काचेची खरी किंमत कळते.

मान तिरपी करून बघू नका. तीस अंश कललात की अडवलेल्या चकाकीतला चौथा हिस्सा परत येतो. बाजारात टोपलीत दिसणाऱ्या माकुलाला (स्क्विडला) काचेचं हे दिव्य करावं लागत नाही: त्याला रंग ओळखता येत नाहीत, पण प्रकाशाच्या कंपनाची दिशा मात्र नुसत्या डोळ्यांनी कळते.

काच दोन गोष्टींत काही करत नाही. मासा दिसतो त्याहून खोलच असतो, सरळ वरून पाहिलं तर दिसते ती खोली खरीच्या पाऊणपट. आणि पावसात खाड्यांचं पाणी गढुळलं की कुठलीही काच निरुपयोगी.

आता नंबराचं. साध्या गोल नंबरात काच कशीही फिरवून बसवली तरी नंबर तोच राहतो, पण पोलराइज्ड काच फिरली की काम बिघडतं. त्यात सिलिंडरचा (ठरावीक दिशेनेच बसवावा लागणारा) नंबर असेल तर त्याचा अक्ष आणि पडद्याची दिशा दोन्ही एकदम जुळवावी लागतात. हे काम लॅबकडून नीट करून घ्यावं. दोन डोळ्यांच्या काचांत दिशा थोडी जरी वेगळी आली, तर पाणी बघून डोकं चढतं. पारख दुकानातच होते: संगणकाच्या एलसीडी पडद्यासमोर चष्मा धरून सावकाश फिरवा. एका ठिकाणी काचा काळ्याकुट्ट होतील. दोन्ही एकदमच काळ्या व्हायला हव्यात.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणाऱ्या काचेबद्दल माझं मत जरा कडक आहे. तिचा खालचा भाग जवळच्या नंबराचा असतो, आणि गरवणारा बघतो ते खाली. पाणी धूसर दिसतंच, वर शेवाळलेल्या कातळावर पाऊल नीट पडत नाही. त्यात पोलराइज्ड काच ओल्या दगडाची चमकही मारते, म्हणजे निसरडं कुठे ते सांगणारी खूणच गेली. त्यापेक्षा लांबचाच नंबर करावा, किंवा बायफोकल घेऊन जवळची चकती अगदी खाली आणि छोटी ठेवायला सांगावी. गाठ मारण्यापुरती ती पुरते. बाजूने वळलेली फ्रेम कडेचा उजेड छान अडवते, पण मोठा नंबर अशा वाकलेल्या काचेत कडेला पाणी वाकडं दाखवतो. खर्च जमत नसेल तर रोजच्या चष्म्यावर लावायची पोलराइज्ड क्लिप घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

रंग पाणी बघून निवडावा: खाडीत आणि उथळ पाण्यात तपकिरी, भर समुद्रात राखाडी. काळेपणात तिसरी श्रेणी, म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत सोडणारी काच, आपल्या उन्हाला पुरते. अतिनील किरण अडवणं हे वेगळंच काम आहे, त्यासाठी 'यूव्ही ४००' लिहिलेलंच घ्या. वर्षानुवर्षं उन्हा-वाऱ्यात राहणाऱ्यांच्या डोळ्यांत वडस (बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा) वाढतं, त्यात या किरणांचा हात असतो. होडीवरच्या जीपीएसचा किंवा फिश फाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) पडदा या चष्म्यातून काळा दिसला तर यंत्र बिघडलंय असं समजू नका, चष्मा काढून बघा.

काच शर्टाने पुसायच्या आधी गोड्या पाण्याखाली धरा, मिठाचे कण चरे पाडतात. आणि चष्म्याला मागून तरंगणारी दोरी लावाच, कारण नंबराची काच पाण्यात बुडते.